वऱ्हाडचे ऊन आणि इन्सुलिन

वैशाखात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पलीकडे गेलेला असताना एखादे मूल घटाघटा पाणी पिते, मध्यरात्री उठून पुन्हा माठाकडे जाते, दिवसेंदिवस सुकत जाते आणि मलूल होऊन ओसरीवर पडून राहते, तेव्हा त्यास काही व्याधी जडली असावी असा संशय यावा असा मनुष्य आमच्या वऱ्हाडात विरळा. कारण त्या दिवसांत तहान ही येथील प्रत्येक जिवाचीच अवस्था असते. माझ्या वयाच्या अकराव्या वर्षी, 1973 च्या उन्हाळ्यात, याच समजुतीच्या आड माझा मधुमेह लपून राहिला. ‘पोराले ऊन बाधलं’ हा आजीचा निर्वाळा घरात सर्वमान्य झाला. ज्यांना दाखविले त्या डॉक्टरांनीही ओकाऱ्या आणि पोटदुखी पाहून पोटाचेच औषध दिले. आणि श्वास खोल व जलद चालू लागून शुद्ध हरपू लागली, तेव्हा कोठे लघवीची परीक्षा झाली.

वस्तुतः ऊन आणि हा आजार यांतील भेद ओळखणे दुष्कर नाही. उन्हाने शोषलेल्या मनुष्याची लघवी कमी आणि गडद होते. उलट मधुमेही मुलास कडक उन्हातही पुनःपुन्हा व भरपूर लघवी होते. अंथरूण ओले करण्याची सवय सुटलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, लघवीच्या जागी मुंग्या लागू लागल्या, पोटभर जेवूनही वजन उतरत चालले, तर ऋतूस दोष न देता त्याच दिवशी बोटाच्या टोकावरील थेंबभर रक्तातील साखर तपासून घ्यावी. तोंडास पिकल्या फळासारखा गंध येऊ लागल्यावर तर एक प्रहरही दवडू नये.

हा टाइप वन मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही, हे मला आजही लग्नाच्या पंगतीत समजावून सांगावे लागते. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. त्यात मातापित्यांचा अपराध नसतो, आणि गोळ्यांनी वा झाडपाल्याने त्या पेशी पुन्हा उत्पन्न होत नाहीत. जानेवारी 1922 मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन प्रथम टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांना उपासमारीसारख्या पथ्यावर ठेवून त्यांचा अंत थोडा लांबविणे एवढेच वैद्यकाच्या हाती होते. ‘अमुक महाराजांची पुडी घ्या आणि इंजेक्शने सोडा’ असे सांगणारे हितचिंतक अशा मुलास त्याच काळात परत लोटीत असतात, हे मी कोणाचीही भीड न बाळगता सांगतो.

माझ्या बाल्यात काचेची सिरिंज उकळून घ्यावी लागे आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून, ते स्पिरिटच्या दिव्यावर तापवून, विटकरी रंग न येवो अशी वाट पाहावी लागे. आज ग्लुकोमीटर आहे, पेन आहेत, दंडावर लावण्याचे सेन्सर आहेत. तथापि मूळ कर्तव्य तेच राहिले आहे. अमरावतीस महसूल खात्यात माझी सारी नोकरी झाली, म्हणून त्याच भाषेत सांगतो: जेवण, श्रम आणि इन्सुलिन यांचा जमाखर्च रोज मांडावा लागतो, आणि कालची शिल्लक आज उपयोगी पडत नाही. ज्वारीच्या भाकरीने साखर वाढतच नाही, ही आपल्याकडील लाडकी समजूत खोटी आहे. भाकर खावी, वरुड-मोर्शीचा संत्राही खावा, भंडाऱ्यात वरणासोबत रोडगाही घ्यावा. मात्र त्याचे माप डोळ्यांस ठाऊक असावे आणि इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यास अनुसरून असावी.

आता उन्हाचा दुसरा प्रताप. इन्सुलिनचा साठा 2 ते 8 अंशांत ठेवावयाचा असतो, आणि वापरात काढलेली बाटली बहुधा सुमारे चार आठवडे, तीही 25 ते 30 अंशांच्या आत, टिकते. आमच्या पत्र्याच्या घरात चैत्रापासूनच हा नियम मोडतो. विशेष हे की उष्णतेने निःसत्त्व झालेले औषध पुष्कळदा दिसण्यात पूर्ववतच स्वच्छ असते, त्यामुळे मात्रा तीच असूनही साखर का चढते याचा उलगडा घरच्यांना होत नाही. वीज नसेल तेथे मातीच्या दोन भांड्यांची तजवीज करावी: मोठ्यात ओली वाळू, तिच्यात लहान भांडे, त्यात बाटली आणि वर ओले फडके. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडून जाते म्हणूनच हा उपाय येथे उत्तम साधतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा भरवसा धरू नये. बर्फाच्या खणात मात्र बाटली कदापि ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.

बाटली घेताना तिच्यावरील आकडाही वाचावा. आपल्याकडे बाटलीत 40 आणि 100 अशा दोन्ही शक्तींचे इन्सुलिन मिळते. 40 च्या सिरिंजला लाल टोपण असते, 100 च्या सिरिंजला नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 100 शक्तीचे इन्सुलिन दहाच्या खुणेपर्यंत भरले तर शरीरात दहा नव्हे, पंचवीस युनिटे जातात.

उन्हाचा तिसरा धोका सर्वांत गहन. उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्तारून टोचलेले इन्सुलिन लवकर शोषले जाते, आणि साखर अकस्मात उतरू शकते. त्या वेळी दरदरून घाम, थरथर, भोवळ, असंबद्ध बोलणे, ही सारी लक्षणे ऊन लागल्यासारखीच दिसतात. बडनेऱ्याच्या फलाटावर माझी अशी अवस्था झाली तेव्हा भोवतालच्या सहृदय मंडळींनी नाकाशी कांदा धरला, डोक्यावर ओला पंचा ठेवला. एका मुलीने मात्र माझ्या खिशातील कार्ड वाचून साखर मागविली. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन लहान चमचे साखर पाण्यात द्यावी, पंधरा मिनिटांनी रक्त तपासावे, साखर 70 च्या वर न आल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध नसल्यास तोंडात थेंबही घालू नये. घरी साखर चढविणारे ग्लुकागॉन असेल तर ते टोचावे आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.

श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघणाऱ्या कावडीत या आजाराचा तरुण जाऊ इच्छीत असेल, तर त्यास अडवू नये. परंतु त्या दिवशीच्या मात्रेविषयी डॉक्टरांस आधी विचारावे, खिशात साखर असावी, आणि कावडीतील दोन सोबत्यांना तरी सर्व ठाऊक असावे. नवरात्रातील निरंकार उपवासाविषयी मात्र माझे मत कठोर आहे: तो या मुलांनी करू नये. अंबादेवीस आपली लेकरे उपाशी नको असतात, असे माझी आई म्हणे. मुलींचा आजार विवाहाच्या चिंतेने लपविणाऱ्या घरांत तर शाळेतील बाईंनाही पत्ता नसतो, आणि मग मुलगी चोरून टोचते किंवा टोचतच नाही.

ताप आला, ओकाऱ्या होऊ लागल्या, अन्न जाईनासे झाले, तरी मनाने इन्सुलिन बंद करू नये; आजारपणात साखर बहुधा चढते. दर दोन-तीन तासांनी ती मोजावी, कीटोन तपासावे. ओकाऱ्या न थांबल्यास अकोल्यास सर्वोपचार किंवा अमरावतीस इर्विन, जे रुग्णालय निकट असेल तेथे न्यावे, इन्सुलिनची बाटली सोबत ठेवावी, आणि दारातच, नाव-गाव लिहून देण्यापूर्वी, सांगावे की मुलाला टाइप वन मधुमेह आहे, आधी साखर पाहा.