निरोप पोचला का? : यंत्र, मोबाइल आणि आपले आरोग्य

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसाच्या शेतात सेन्सर लावण्याचा प्रयोग केला. जमिनीत ओल किती, हे शेतकऱ्याला मोबाइलवर दिसू लागले. वरकुट्यात आणि आसपासच्या वस्त्यांत उसाच्या फडात राबणारी माणसे आपल्याच घरांतली आहेत. उसाची तहान मोबाइलवर कळते, तर आईचा रक्तदाब किंवा बाळाच्या लसीचे तापमान कळेल का? कळते. ते कसे कळते आणि त्यावर किती विसंबावे, हे या पाठात पाहू.

निरोप जातो कसा?

यंत्रात मोजणारा एक भाग असतो आणि निरोप पाठवणारा दुसरा. निरोप पाठवण्याचे नियम ठरलेले असतात. त्यांपैकी ‘एमक्यूटीटी’ ही पद्धत जगभर वापरली जाते. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी बनवली. लांबवर पसरलेली पाइपलाइन, उपग्रहाचा महाग संपर्क आणि वीज कमी. म्हणून निरोप अगदी आटोपशीर ठेवला. रेंज कमी असलेल्या आपल्या गावांनाही म्हणूनच ती सोयीची आहे.

या पद्धतीत यंत्र थेट कोणाच्या मोबाइलशी बोलत नाही. मध्ये एक मध्यस्थ संगणक असतो. त्याला गावचे पोस्ट समजा. यंत्र आपला निरोप विषयाचे नाव लिहून तिथे टाकते, उदाहरणार्थ ‘फ्रिज, तापमान’. ज्यांनी त्या विषयासाठी नाव नोंदवले आहे, त्या सर्वांना पोस्ट तो निरोप पोचवते.

निरोप पाठवण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, एकदा सांगून मोकळे होणे. दुसरा, पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगणे. तिसरा, एकदाच पण नक्की पोचवणे. आणखी एक सोय आहे. यंत्र जोडले जातानाच पोस्टाकडे एक निरोप ठेवून देते : ‘मी अचानक गप्प झालो, तर हे सगळ्यांना कळव.’ इंग्रजीत या सोयीला चक्क ‘मृत्युपत्र’ असे नाव आहे. यंत्र गप्प आहे म्हणजे सारे ठीक आहे असे मानायचे नाही, हा त्यातला धडा.

लसीच्या फ्रिजचा निरोप

बाळाच्या लसी आरोग्य केंद्रात २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. जास्त उष्णतेने लस निकामी होते. पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस-बी, टीडी यांसारख्या लसी गोठल्या तरी वाया जातात. ही थंडाई कारखान्यापासून बाळाच्या दंडा-मांडीपर्यंत टिकवावी लागते. तिलाच शीतसाखळी म्हणतात.

ती सांभाळण्यासाठी केंद्र सरकारने २०१५ पासून टप्प्याटप्प्याने ‘ई-विन’ यंत्रणा आणली. लसीच्या फ्रिजला सिमकार्ड असलेले छोटे यंत्र जोडतात. ते दर १० मिनिटांनी तापमान नोंदवते आणि दर तासाला ती माहिती मध्यवर्ती संगणकाकडे धाडते. तापमान बिघडले की यंत्र वाजते आणि जबाबदार कर्मचाऱ्यांना एसएमएस व ईमेल जातो. कोरोनाच्या काळात आपण ज्या ‘कोविन’वर नावे नोंदवली, ते या ई-विनच्याच पायावर उभे राहिले.

पण एसएमएस फ्रिज थंड करत नाही. तो वाचून कोणीतरी उठावे लागते, जनरेटर लावावा लागतो, लसी दुसऱ्या थंड जागी हलवाव्या लागतात. निरोपाच्या टोकाला माणूस नसेल, तर निरोप फुकट गेला.

एक खूण आपल्यालाही तपासता येते. अनेक लसींच्या बाटलीवर गोल चिन्ह असून त्यात एक चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल, तर त्या बाबतीत लस चालते. चौकोन गोलाइतकाच किंवा त्याहून गडद झाला, तर ती लस वापरायची नसते. ही खूण उष्णता सांगते, गोठणे सांगत नाही. सिस्टरना किंवा आशाताईंना नम्रपणे विचारा, ‘खूण दाखवता का?’ विचारण्यात त्यांच्यावर अविश्वास नाही. लस मात्र चुकवू नका.

घरातले यंत्र

रक्तदाबाची काही यंत्रे ब्लूटूथने मोबाइलला जोडली जातात. मोबाइल इंटरनेटवरून तो आकडा पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या मुलालाही दाखवू शकतो. पण चुकीचे मोजले, तर चूकच लांब पोचेल. म्हणून :

• मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. चहा, तंबाखू, बिडी अर्धा तास आधीपासून नको.
• पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर ठेवा. पट्टा उघड्या दंडाला बांधा.
• एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि आकडे वहीतही लिहा.
• आकडा वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आकडा बरा आला म्हणून गोळी मनाने बंद करू नका.
• १८०/१२० च्या पुढे आकडा आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे असेल, तर ॲपकडे पाहत बसू नका. १०८ ला फोन करा. ही लक्षणे असतील, तर आकडा कमी असला तरी थांबू नका.

असे यंत्र घरात नसले तरी बिघडत नाही. आरोग्य केंद्रात किंवा विहारातील शिबिरात मोजून वहीत लिहिले, तरी तो निरोपच आहे.

आपली माहिती, आपला हक्क

रक्तदाब, साखर, आजार ही आपली खासगी बाब आहे. खासगीपणा हा संविधानाच्या कलम २१ खालचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट केले. गरीब माणसाचा हा हक्क तसूभरही कमी नाही. म्हणून ॲप टाकताना किंवा शिबिरात मोबाइल नंबर देताना विचारा : माहिती कोणाकडे जाणार, कशासाठी, आणि नको म्हटले तर तपासणी मिळणार ना? ओटीपी कोणालाही सांगू नका.

घरात चर्चेसाठी

१. आपल्या घरातील आजारी माणसाचा आकडा कोण पाहते? ती व्यक्ती नसेल तेव्हा कोण पाहील?
२. गावाकडच्या आईवडिलांचा आकडा तीन दिवस आला नाही, तर फोन कोण करील?
३. बाळाची पुढची लस कोणत्या तारखेला आहे? ती भिंतीवर लिहिली आहे का?

यंत्र निरोप देते. काळजी घेणे आपले काम आहे.