कोंबडीची वाढ आणि पेशीतील ऊर्जा

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले दोन तालुके. सावित्रीच्या खोऱ्यातील भातशेती आणि डोंगरउतारावरील नाचणी-वरी यांच्या जोडीला येथे अनेक घरी चार-दोन गावठी कोंबड्या असतात. या जोडधंद्याला बळ देताना झपाट्याने वाढणारी जात निवडण्याकडे साहजिकच कल असतो. परंतु वाढीचा वेग ठरविणारी जनुके आणि पक्ष्याच्या शरीरातील ऊर्जेचा हिशेब यांचा निकटचा संबंध आहे. तो लक्षात न घेता केलेली निवड लहान कुटुंबाला महागात पडते.

पेशीतील ऊर्जाकेंद्रे

प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाची सूक्ष्म ऊर्जाकेंद्रे असतात. खाद्यातील पोषक द्रव्ये आणि श्वासावाटे आलेला प्राणवायू वापरून ती एटीपी हे ऊर्जाद्रव्य तयार करतात. या क्रियेत बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. तंतुकणिकांची स्वतःची ३७ जनुके पिलाला आईकडून मिळतात. म्हणून पैदाशीसाठी नराइतकीच मादीची निवडही महत्त्वाची ठरते.

वाढीची किंमत

पीयूषिका ग्रंथीतील वृद्धिसंप्रेरक यकृतातील ग्राहींवर कार्य करते आणि तेथून स्नायूंच्या वाढीला चालना मिळते. नवा स्नायू म्हणजे नवी प्रथिने. ती घडविताना एटीपी खर्ची पडते. या ग्राहीच्या जनुकात विशिष्ट दोष असल्यास कोंबडी खुजी राहते, पण तिला खाद्यही कमी लागते. एका जनुकाने आकार आणि गरज दोन्ही बदलतात, ते असे.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांचे पक्षी एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढविले असता ५६ व्या दिवशी त्यांची वजने अनुक्रमे सुमारे ९००, १,८०० आणि ४,२०० ग्रॅम भरली. हा फरक आनुवंशिकतेचा होता. मात्र स्नायूंच्या वेगाने हृदय व फुप्फुसे वाढत नाहीत. प्राणवायूची मागणी पुरवठ्याहून अधिक झाली की हृदयावर ताण येऊन पोटात पाणी साठते. यालाच जलोदर म्हणतात. शिवाय कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसल्याने शरीरातील उष्णता ती मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकते. दमट हवेत हा मार्गही अपुरा पडतो.

स्थानिक व्यवस्था

यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. मांसल ब्रॉयलर पक्ष्यांना हवेशीर शेड, संतुलित खाद्य व सततची देखरेख हवी. मोकळ्या परसात गावठी किंवा परसातील पालनासाठी विकसित केलेल्या गिरिराज, वनराज यांसारख्या जाती अधिक सोयीच्या ठरतात. उन्हाळ्यात भर दुपारी खाद्य न देता ते सकाळी व सायंकाळी द्यावे, थंड पाणी सदैव ठेवावे आणि छपरावर पेंढा पसरावा. पावसाळ्यात जमिनीवरील तूस कोरडे राखावे. ओल्या तुसातून निघणारा अमोनिया वायू फुप्फुसांना अपाय करतो व प्राणवायूचा पुरवठा घटवितो. लहान पिलांना स्वतःची ऊब पुरेशी राखता येत नाही, म्हणून पहिले काही आठवडे त्यांना कृत्रिम ऊब द्यावी.

पिलांच्या वाटपाची योजना आखताना ग्रामपंचायतींनी केवळ विक्रीच्या वजनाचा विचार न करता निवारा, खाद्य आणि हवामान यांचा मेळ पाहणे अगत्याचे आहे. शिक्षकांनीही पेशीचा धडा शिकविताना अंगणातील कोंबडीचे उदाहरण घेतल्यास तो विद्यार्थ्यांना सहज समजेल आणि घरच्या व्यवसायालाही त्याचा उपयोग होईल.