आहार योग्य, तरीही मलावरोध

प्रश्न : पालेभाज्या, पाणी, चालणे नियमित असूनही ६२ वर्षांच्या आईला काही महिन्यांपासून मलावरोध आहे. कारण काय असावे?

उत्तर : प्रथम चालू औषधे तपासावीत, कारण लोहाच्या गोळ्या, कोडीनयुक्त वेदनाशामके किंवा रक्तदाबावरील व्हेरापामिल यांनी मलावरोध होतो, आणि हा दुवा बहुधा दुर्लक्षित राहतो. अवटू ग्रंथीचे (थायरॉइडचे) संप्रेरक कमी पडल्यास मोठ्या आतड्याची मल पुढे ढकलणारी हालचाल मंदावते, मलातील पाणी अधिक शोषले जाते व तो कडक होतो. टीएसएच या रक्तचाचणीने याचे निदान होते. जुना मधुमेह आतड्याच्या चेतातंतूंना इजा करतो, तर कंपवातात हे लक्षण कंपापूर्वी अनेक वर्षे दिसू शकते. मात्र या वयात नव्याने उद्भवलेल्या मलावरोधासोबत रक्तस्राव, वजनघट किंवा पंडुरोग (रक्तक्षय) असल्यास कर्करोगाच्या शक्यतेमुळे दुर्बिणीने आतड्याची तपासणी विनाविलंब करावी. केवळ रेचके घेत राहणे धोक्याचे आहे.