बोलण्यामागचा कारभारी

गेल्या वर्षी माझ्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. मानसशास्त्राच्या तासाला ‘वाचाघात’ हा शब्द मी परीक्षेपुरता लिहून घेतला होता. त्या प्रश्नाला दहापैकी सात गुण मिळाले होते, हे सांगताना आता संकोच वाटतो.

१८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने केवळ ‘तां’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी केली आणि वाचेचा संबंध मेंदूच्या अग्रखंडाशी जोडला. वाचाघात म्हणजे शब्दांचे कोठार लुटले जाणे, एवढेच मी त्यातून समजले होते.

वाचोपचार करणाऱ्या बाईंनी आजोबांना चमच्याचे चित्र दाखवले. बऱ्याच खटपटीने ते म्हणाले, “चमचा.” मग किल्लीचे चित्र आले. “चमचा.” छत्रीलाही “चमचा”च! दर वेळी ते स्वतःच वैतागून मान हलवीत. किल्ली पाहून तर त्यांनी डाव्या हाताने कुलूप उघडल्याची खूणही केली. वस्तू ओळखली होती. आधीचा शब्दच जागा सोडीत नव्हता.

नको ते थोपवणे, हवे ते मनात धरून ठेवणे आणि एका गोष्टीवरून दुसरीकडे वळणे, अशी या कारभाराची तीन अंगे मियाके व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली वेगळी करून दाखवली. इंग्रजीत त्यांना ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स’ म्हणतात. मला आपला ‘कारभारी’ बरा वाटतो. भाषा हे कोठार खरे, पण माल काढून देणारा कोणी हवाच.

आपल्या मराठीचेच पाहा. ‘आजीने काल भाकरी केली’, पण ‘आजीने काल पिठले केले’. क्रियापद शेवटी येते आणि ते आजीप्रमाणे नव्हे, तर भाकरी-पिठल्याप्रमाणे बदलते. म्हणजे उच्चारून झालेला शब्दही वाक्य संपेपर्यंत मनात धरावा लागतो. निरोगी माणसाला या श्रमाची जाणीवही नसते.

बाईंचा उपाय साधा होता. एक चित्र झाले की ते पालथे ठेवायचे, थोडा वेळ गप्प बसायचे, मगच दुसरे उचलायचे. घरी आम्ही नेमके उलट करीत होतो. आजोबांनी तोंड उघडले की चौघे चार शब्द सुचवीत, शेजारी टीव्ही चालू! त्यांच्या डोक्यातली गर्दी आम्हीच वाढवीत होतो. सर्वांत जड गेले ते आजीला. पन्नास वर्षे तीच त्यांची वाक्ये पुरी करीत आली होती.

आता ती मनात दहा आकडे मोजते. परवा चहाच्या वेळी आजोबा म्हणाले, “साखर…” आजी डबा घ्यायला अर्धी उठली आणि पुन्हा खाली बसली.

“…नको,” आजोबा म्हणाले.

“सातावर आले हो!” आजीने मला हळूच सांगितले.