चिमणी साफ करायला माणूस कधी बोलवावा?

प्रश्न : मोशीत फ्लॅट आहे. चिमणी ऑटोक्लीन, तरी फोडणीचा धूर घरभर होतो. माणूस बोलवावा का?

उत्तर : बोलवाच. ऑटोक्लीनमध्ये आतला भाग तापून तेल ट्रेत उतरतं. बाहेर जाणारा पाइप मात्र मेणचटच राहतो. शेगडी बंद ठेवून, चिमणी चालू करून तिच्या तोंडाशी वर्तमानपत्राचं अर्धं पान धरा. ते चिकटून राहिलं नाही, तर ओढ कमी झाली आहे. मोटरची घरघर, बंद असतानाही येणारा खवट वास, शेगडीवर पडणारे काळपट थेंब याही खुणाच. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाशी कबुतरांनी घरटं केलंय का, तेही बघायला सांगा. थेंब पडत असतील तर सफाई होईपर्यंत तळण करू नका. साचलेलं तेल पेट घेतं.