श्रमजन्य उष्माघात : शास्त्रोक्त मर्यादा आणि पहिला अर्धा तास

ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य, हे ऋतुचर्येचे वचन आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केले आणि व्यवसायात पडल्यावर विसरलो. पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण, वीटभट्टीवरील मजूर, उन्हाळी शिबिरांतील खेळाडू आपल्याकडे येतात तेव्हा आपण पित्तशामक औषधे देतो. श्रम किती करावेत याविषयी बोलत नाही.

वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी मनुष्यालाही शीतकाळी आणि वसंतात अर्धशक्तीनेच व्यायाम सांगितला असून अन्य ऋतूंत त्याहूनही अल्प. सुश्रुतसंहितेत अर्धशक्तीचे लक्षणही दिले आहे : हृदयस्थ वायू मुखाकडे येणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे. मैदानावर मात्र नेमके उलट चालते. धाप लागली की आणखी एक फेरी! अतिव्यायामाच्या उपद्रवांत तृष्णा, क्लम, छर्दी यांच्यासह ज्वरही गणलेला आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवार दगावले, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

श्रम करणाऱ्या स्नायूंतील बहुतांश ऊर्जा उष्णतेतच परिणत होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग स्वेद. परंतु स्वेद केवळ वाहून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. म्हणूनच विदर्भातील ४५ अंशांचे भय सर्वांना वाटते, तरी कोकणातील दमट ३४ अंशांत धावणाराही तितकाच संकटात सापडू शकतो.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक नमूद केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सकाळी नऊच्या सुमारास एका एकवीस वर्षांच्या तरुणास आमच्या चिकित्सालयात आणले. भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावताना तो कोसळला होता. असंबद्ध बडबड चालू, अंग घामाने निथळत होते. काखेतील तापमान १०२ अंश फॅरनहाइट. त्वचा कोरडी नाही, ताप फार नाही. मग हा उष्माघात नव्हे, असा निष्कर्ष आम्ही काढला आणि अमूल्य दहा मिनिटे दवडली. नंतर गुदमार्गे पाहिले तेव्हा पारा १०६ च्या वर होता.

कोरडी त्वचा हे लक्षण उन्हाळ्याच्या लाटेत घरात पडून असलेल्या वृद्धांत पुष्कळदा आढळते. श्रमजन्य प्रकारात घाम बहुधा असतो. काखेचे तापमान येथे फसवे. १०४ अंशांहून अधिक गुदतापमान आणि संज्ञाविकृती (वर्तनातील विचित्रपणा, तोल जाणे, मोह) एवढे निदानास पुरेसे आहे. तापमापक नसला, तरी श्रमानंतर भान हरपलेल्याला हाच रोग समजून चालावे.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. आधी गार करणे, नंतर नेणे. मानेपर्यंत थंड पाण्यात बुडवून डोके वर धरावे. टब कोठून आणणार? गुरांची पाण्याची टाकी चालते. चौघांनी कडा उचलून धरलेली ताडपत्री, तीत रुग्ण, वर पाणी आणि रसवंतीवरचा बर्फ, हेही उत्तम साधते. तेही नसेल तर सर्वांगावर पाणी ओतत जोराने वारा घालावा. अर्ध्या तासात तापमान १०२ च्या आसपास आणणे हे ध्येय. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही. बेशुद्धाच्या मुखात पन्हे, प्रवाळपिष्टी, उशीरासव काहीही घालू नये. ते श्वासमार्गात जाते. आपल्या औषधींविषयी आम्हांस आदर आहे, परंतु त्यांचे स्थान या अर्ध्या तासात नाही.

प्रतिबंधाबाबत थोडे. नव्या मजुराला वा खेळाडूला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तोवर श्रम हळूहळू वाढवावेत. ज्वर, अतिसार, रात्रीचे मद्यपान किंवा जागरण असेल त्या दिवशी विश्रांती द्यावी. दीर्घ श्रमात घटाघटा केवळ साधे पाणी पिणेही घातक, कारण रक्तातील सोडियम घटते. तहानेप्रमाणे पाणी आणि सोबत मीठयुक्त ताक किंवा ओआरएस द्यावे.

तो तरुण वाचला. मात्र स्नायू विघटित होऊन त्याचे मूत्र काळसर झाले, वृक्कांवर परिणाम झाला आणि त्याला दोन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. त्या वर्षीची भरती हुकली म्हणून तो आमच्यावर रुष्ट होता. तरीही दिवाळीपर्यंत आम्ही त्याला धावू दिले नाही.