बस्त्याला जाताना

2021 च्या मार्चमध्ये पुण्यात दोन प्रकारची माणसं होती. करोना गेला असं समजून बाहेर पडणारी, आणि करोना आहे हे पक्कं ठाऊक असून ‘काळजी घेऊन’ बाहेर पडणारी. आम्ही दुसऱ्या प्रकारातले. हे लिहिते आहे तेही अशाच माणसांसाठी. पहिल्यांना कुणी काय सांगावं!

नणंदेच्या मुलीचं लग्न एप्रिलअखेरीस ठरलं होतं. मार्चच्या मध्यावर लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, पण मानपानाची यादी काही आखडली नाही. बस्ता लक्ष्मी रोडलाच बांधायचा, हा आमच्या घराचा शिरस्ता. निघालो वन्सं, भाची, मी आणि सासूबाई. साठीच्या पुढच्यांना 1 मार्चपासून लस मिळू लागली होती आणि सासूबाईंचा पहिला डोस नुकताच झाला होता. “आता टोचून घेतलंय ना, मग नातीचा शालू मीच निवडणार,” असं त्यांनी जाहीर केलं. एका डोसनंतर शरीराची तयारी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तरीही संरक्षण अर्धवटच असतं, हे डॉक्टर सांगत होते. पण लसीचं प्रमाणपत्र मोबाइलवर आलं की पुढचं ऐकायला कोण थांबतं?

तयारी मात्र चोख होती. दुहेरी मास्क, पर्समध्ये सॅनिटायझर, घरचं पाणी. गाडी मंडईजवळ लावली. तुळशीबागेत गर्दी म्हणून तो रस्ताच टाळला. टिकल्या-पिना विकणाऱ्या बायकांपासून चार हात लांबून चाललो. अखेर साड्यांच्या मोठ्या दुकानात शिरलो तेव्हा सगळ्यांनी ‘हुश्श’ केलं. दारातल्या रखवालदारानं मनगटावर तापमापक रोखला आणि 93 अंशांवर मला आत सोडलं. खरं म्हणजे 93 अंश तापमानाचा माणूस अतिदक्षता विभागात हवा, पण त्या काळात आपण सगळेच रोज त्या तापमानाला हिंडत होतो.

लग्नाच्या साड्या तळघरात होत्या. छान गार एसी, खिडकी एकही नाही. गादीवर आम्ही, शेजारच्या गादीवर दुसरं लग्नघर. साडी दाखवणारा माणूस गप्प राहून साडी दाखवूच शकत नाही. पदर उलगडायचा, काठ दाखवायचा, वर माळ्यावरच्या पोऱ्याला हाक मारून आणखी गठ्ठे मागवायचे, हे सगळं मोठ्या आवाजात आणि मास्क हनुवटीवर ठेवून. त्याला तरी काय बोलणार, दिवसभर त्याच हवेत उभा होता बिचारा. दुपार तिथेच झाली. मध्ये चहा आला आणि दोन्ही लग्नघरांचे मास्क एकदमच उतरले. मग जेवायला हॉटेलच्या एसी खोलीत बसलो, कारण बाहेरच्या टेबलांवर म्हणे धूळ येते. परतताना उकाडा म्हणून गाडीच्या काचा वर.

चार-पाच दिवसांनी भाचीचा घसा धरला. मग वन्सं, मग मी. सासूबाई सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जोरात.

कुणाकडून आला हे कळायला मार्ग नाही आणि शोधण्यात अर्थही नाही. पण त्या दिवसाचा हिशेब मांडला तर उघड्या हवेत आम्ही फार तर अर्धा तास होतो. बाकीचा सगळा वेळ तीन बंद जागांमध्ये गेला: तळघर, हॉटेल आणि आमची स्वतःची गाडी. काळजी मात्र सगळी त्या अर्ध्या तासावर खर्च केली. आपल्या मध्यमवर्गीय मनाला रस्त्यावरची भाजीवाली धोकादायक वाटते आणि काचेचं दार, गार हवा, गुळगुळीत फरशी दिसली की सुरक्षित वाटतं. वर्तमानपत्रांतही फोटो यायचे ते तुळशीबागेच्या गर्दीचे. तळघरांचे फोटो कोण काढणार?

या रोगाची चाल तोवर पुरेशी उघड झाली होती. 2020 च्या जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका हॉटेलात शेजारशेजारच्या टेबलांवर जेवलेल्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना लागण झाली. एसीचा झोत त्या तीन टेबलांवरून फिरत होता आणि बाहेरची हवा जवळजवळ आत येत नव्हती. 2021 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं सांगितलं की, दूषित वस्तूला एकदा हात लावल्यानं लागण होण्याची शक्यता 10,000 मध्ये एकाहूनही कमी असते. इकडे आम्ही वर्षभर दुधाच्या पिशव्या साबणानं घासत होतो आणि मेथीच्या जुड्या मिठाच्या पाण्यात बुडवत होतो. पुण्याला तर हे नवं नव्हतं. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी इथेच गेला. शाळा आणि चित्रपटगृहं बंद झाली, आख्खं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरलं. वर्ष सरलं आणि रुमाल कपाटात गेले.

आता आजारपणातल्या दोन गोष्टी, ज्या सांगण्यासाठी खरं तर लिहायला बसले.

पहिली चाचणीची. घसा खवखवला त्याच दिवशी भाचीची अँटिजेन चाचणी केली. ती निगेटिव्ह आली, त्यामुळे ती आजीच्या खोलीत बसून साड्यांची यादी करत राहिली. अँटिजेन चाचणी झटपट होते खरी, पण विषाणूचं प्रमाण कमी असेल तर चुकते. लक्षणं आहेत आणि ती निगेटिव्ह आली, तर आरटीपीसीआर करून घ्यायची आणि तिचा अहवाल येईपर्यंत त्या माणसाला वेगळंच ठेवायचं. लक्षणं दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून माणूस रोग पसरवू शकतो, म्हणून अहवालापेक्षा घशाचं जास्त ऐकावं.

दुसरी ऑक्सिमीटरची. सासूबाई म्हणत होत्या, “मला काही होत नाही, जरा कसकस आहे.” पलंगावर बसल्या बसल्या आकडा 95. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालवा आणि मग बघा. चालल्यावर आकडा 90 वर आला. दम लागलाय हे त्यांना जाणवतसुद्धा नव्हतं. या रोगात रक्तातला प्राणवायू घटतो आणि माणूस मात्र गप्पा मारत बसलेला असतो. हा आकडा 94 च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनाहून जास्त उतरला, तर वाट बघायची नाही. बसल्या जागीच आकडा 94 च्या खाली असेल तर चालवून बघायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. बोट गार नको, नखाला रंग नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. ताप उतरला म्हणून मोजणं थांबवू नये. पहिला आठवडा संपता संपताच बऱ्याच जणांची तब्येत ढासळली.

बेडसाठी त्या दिवसांत पुण्यात काय चाललं होतं ते नव्यानं सांगायला नको. सासूबाईंना उपनगरातल्या एका लहान रुग्णालयात ऑक्सिजनचा बेड मिळाला आणि त्या घरी आल्या. पुढे 22 एप्रिलपासून राज्यात नवा नियम आला: लग्न एकाच सभागृहात, दोन तासांत, 25 माणसांत, नाहीतर 50 हजार दंड. भाचीचं लग्न त्यातच उरकलं. मानपानाच्या साड्या वर्षभर कुरियरनं जात राहिल्या.

करोना आता बातम्यांत नसतो. पण दर पावसाळ्यात आणि थंडीत फ्लू येतोच. घराघरांत मधुमेहाचे, दम्याचे, केमोथेरपी घेणारे लोक असतात. त्यांना घेऊन शहरात जायचं असेल तर आधी वेळ नव्हे, जागा ठरवा. खिडकी उघडते का, छत उंच आहे का, किती वेळ बसावं लागणार आहे, एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं. साड्यांना जायचं तर दुकान उघडतानाच जा, वरच्या मजल्यावर दाखवा म्हणून सांगा. दुकानदार कुरकुरतात, पण दाखवतात. आजींना शालू व्हिडिओ कॉलवर दाखवा, निवड त्यांचीच ठेवा. चहा घ्यायचा तर रस्त्यावर येऊन घ्या. गाडीच्या काचा दोन बोटं तरी खाली ठेवा. वयस्करांची फ्लूची लस दरवर्षी घ्यायची असते, हे डॉक्टरांना विचारून वेळेत उरकून टाका. आणि निघायच्या दिवशी ज्याच्या अंगात कणकण असेल त्यानं, तो नवरदेव का असेना, घरी थांबावं. बस्ता आठवडाभर पुढे गेल्यानं कुणाचं लग्न मोडत नाही.